नक्कल, द्विरुक्ती आणि अभ्यास : जनुकांतर्गत एक्झॉन-आवृत्तीच्या परिभाषेची चिकित्सा

आनुवंशिकीच्या आधुनिक वाङ्मयाने भाषाविचारातून जितकी पदे उसनी घेतली आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्याही निसर्गविज्ञानाने घेतलेली दिसत नाहीत. अक्षर, शब्द, वाक्य, विरामचिन्ह, वाचन, प्रतिलेखन, अनुवाद, संपादन अशी ही उसनवारीची यादी बरीच लांबविता येईल. उसनवारीत गैर असे काही नाही. भाषाशास्त्रानेही 'कुल', 'मूळ', 'शाखा' ही पदे वंशविचारातून घेतली आणि ती आजतागायत परत केलेली नाहीत. परंतु उसने घेतलेले पद आपल्याबरोबर काही गृहीतके घेऊन येते, आणि ती गृहीतके नव्या घरात तपासून पाहिली नाहीत तर ती हळूहळू सिद्धान्ताचे रूप धारण करतात. मानवी जनुकांच्या पोटात एक्झॉनची जी आवृत्ती झालेली आढळते तिच्या वर्णनात असेच घडले आहे. तिला सर्रास 'नक्कल' म्हटले जाते आणि नकलेपाठोपाठ 'मूळ प्रत' व 'लेखनिकाची चूक' ह्या दोन कल्पना आपोआप येऊन बसतात. ह्या कल्पना विषयाला कितपत लागू पडतात आणि व्याकरणशास्त्राजवळ त्यांहून अधिक नेमकी काही सामग्री आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९७७ साली रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या स्वतंत्र संशोधनांतून असे दिसून आले की, उच्च प्राण्यांच्या जनुकातील संदेश सलग नसतो. मध्ये मध्ये असे भाग असतात की जे आरएनएच्या कच्च्या प्रतीत उतरतात, पण पुढे छाटले जातात; उरलेले भाग एकमेकांना जोडले जाऊन पक्का संदेश तयार होतो. ह्या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छाटल्या जाणाऱ्या भागाला 'इंट्रॉन' आणि राखल्या जाणाऱ्या भागाला 'एक्झॉन' ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ साली 'नेचर' मधील एका लहानशा टिपणात सुचविली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'एक्झॉन' म्हणजे व्यक्त होणारा प्रदेश. आज मात्र हे नाव पक्क्या संदेशात टिकणाऱ्या प्रत्येक भागाला दिले जाते, मग त्या भागापासून प्रथिन तयार होवो अथवा न होवो. नाव आणि अर्थ यांची ही फारकत भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. तरीपण पुढील विवेचनात ती ध्यानात ठेवावी लागेल.

जनुकाच्या अंतर्भागातील एखादा तुकडा लगतच पुन्हा एकदा आलेला असावा, ही घटना विरळा नाही. इविका लेट्युनिक, रिचर्ड कॉप्ली आणि पिअर बोर्क यांनी २००२ साली माणूस, फळमाशी आणि सूत्रकृमी ह्या तिघांची जनुके तपासून असे दाखविले की, सुमारे १० टक्के जनुकांत लागोपाठ आवृत्त झालेले एक्झॉन सापडतात. शिवाय तोपर्यंत नोंदींत न आलेले २,४३८ एक्झॉन त्यांना ह्या शोधात मिळाले. हा आकडा उद्धृत करताना एक सावधगिरी सहसा पाळली जात नाही, ती येथे नोंदवावयास हवी. दोन तुकड्यांत ओळखू येण्याइतके साम्य उरले असेल तरच त्यांची जोडी ह्या गणतीत येऊ शकते. ज्या जोड्या फार पुरातन आहेत आणि ज्यांतील साम्य काळाच्या ओघात झिजले, त्या गणतीबाहेरच राहणार. 'आजूबाजू' मधील 'आजू' ला स्वतंत्र अर्थ नसला तरी जोड अजून कानाला कळते. ज्या शब्दांत तीही कळेनाशी झाली त्यांची मोजदाद कोणता कोश करील? तेव्हा १० टक्के हे ओळखता येणाऱ्या आवृत्तीचे प्रमाण आहे, एकंदर आवृत्तीचे नव्हे.

ह्या विषयावरील विचाराला वळण लावणारा ग्रंथ म्हणजे सुसुमु ओहनो यांचा जनुकांच्या द्विगुणनातून होणाऱ्या उत्क्रांतीवरील १९७० सालचा ग्रंथ. त्यातील मुख्य युक्तिवाद सर्वपरिचित आहे. एखाद्या जनुकाची दुसरी प्रत निर्माण झाली की पहिली प्रत नित्याचे काम सांभाळते, दुसरी मोकळी राहते. निवडीच्या कठोर नजरेतून सुटल्यामुळे ती बदलू शकते आणि क्वचित एखादे नवे कार्य तिच्यातून उदयास येते. युक्तिवाद म्हणून ह्याचे सामर्थ्य मोठे आहे आणि स्वतंत्र जनुकांच्या बाबतीत तो पुष्कळ अंशी टिकलाही आहे. स्वतः ओहनो यांना आवृत्तीचे तत्त्व इतके सार्वत्रिक वाटे की, १९८६ साली मिडोरी ओहनो यांच्यासह लिहिलेल्या एका लेखात त्यांनी जनुकांची रचना आणि संगीतरचना ह्या दोहोंत ते एकच तत्त्व वावरत असल्याचे प्रतिपादन केले. रसिकतेच्या दृष्टीने तो लेख वाचनीय आहे. पुराव्याच्या दृष्टीने तो फार दूर नेत नाही.

परंतु ओहनो यांचा युक्तिवाद जनुकाच्या आत, एक्झॉनच्या पातळीवर, जसाच्या तसा लागू करणे ही एक मूलभूत गफलत आहे आणि ती पाठ्यपुस्तकांतून वारंवार आढळते. वेगळ्या जनुकाची जादा प्रत गप्प बसू शकते. जनुकाच्या पोटातील जादा एक्झॉनला ही मुभा नाही. तो त्याच संदेशाचा घटक असतो. संदेश उच्चारला गेला की तोही उच्चारला जातो, आणि उच्चारला गेला की प्रथिनाचा आकार बदलतो. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाची दुसरी प्रत ठेवणे आणि त्याच पुस्तकात एक परिच्छेद दोनदा छापणे ह्यांत जो भेद आहे तो येथे आहे. दुसऱ्या प्रकरणी वाचकाची सुटका नाही.

हॅप्टोग्लोबिन ह्या रक्तातील प्रथिनाचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५५ साली टोरोंटो येथे ओलिव्हर स्मिथीज यांनी पिठूळ पदार्थाच्या, म्हणजे स्टार्चच्या, जेलीतून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी करण्याची पद्धत बसविली, आणि निरोगी माणसांतही हॅप्टोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार असल्याचे त्यांना दिसले. हे प्रकार जनुकाच्या दोन रूपांवर अवलंबून होते. एका रूपापासून होणारी अल्फा शृंखला ८३ ॲमिनो आम्लांची, दुसऱ्या रूपापासून होणारी १४२ ची. १९६२ साली स्मिथीज, कॉनेल आणि डिक्सन यांनी ह्याचा उलगडा असा केला की, दुसरे रूप हे आंशिक आवृत्तीचे फळ आहे. गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होताना दोन्ही बाजूंचा छेद नेमक्या समोरासमोरच्या ठिकाणी न पडता पुढेमागे पडला, आणि एका बाजूस काही भाग दोनदा आला. १४२ मधून ८३ वजा केले असता ५९ उरतात. तेवढा भाग दुणावला. एक्झॉन ही संज्ञा तेव्हा अस्तित्वातही नव्हती. पुढे जनुकाची रचना उलगडली तेव्हा दुणावलेला भाग तिसरा आणि चौथा ह्या दोन एक्झॉनांचा असल्याचे स्पष्ट झाले : एकेरी रूपात पाच एक्झॉन, दुहेरी रूपात सात.

ह्या उलगड्यात एक बारकावा आहे आणि 'नक्कल' ह्या शब्दाचा फोलपणा तेथेच उघड होतो. एकेरी रूपाचेही दोन पोटभेद आहेत. जेलीतून एक थोडा वेगाने सरकतो, दुसरा थोडा सावकाश. दुहेरी रूपातील दोन तुकड्यांपैकी एक एका पोटभेदाशी जुळतो, दुसरा दुसऱ्याशी. म्हणून १९६२ च्या लेखकांनी असे मानले की, दुहेरी रूप हे दोन निरनिराळ्या एकेरी रूपांच्या विषम सांध्यातून जन्मले. हे खरे धरल्यास त्या दोन तुकड्यांपैकी मूळ कोणता आणि नक्कल कोणती? प्रश्नच अर्थशून्य ठरतो. कोणी कोणाला पाहून उतरून घेतलेले नाही. एकाच्या जागी दोन आले, एवढेच.

कथा येथे संपत नाही. २०१६ साली 'नेचर जेनेटिक्स' मध्ये लिंडा बेटगर आणि त्यांचे सहकारी यांनी असे निष्कर्ष मांडले की, आज माणसांत जी एकेरी रूपे आढळतात ती बहुधा आवृत्तीपूर्व अवस्थेचे अवशेष नाहीत. मानववंशात फार पूर्वी घडलेल्या आवृत्तीनंतर, दुहेरी रूपातून एक तुकडा पुनःपुन्हा गळत गेला आणि एकेरी रूप अनेकदा नव्याने उद्भवले. २२,२८८ व्यक्तींच्या माहितीवरून ह्या गळतीचा संबंध रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण कमी असण्याशी असल्याचेही त्यांनी दाखविले. म्हणजे ज्याला अर्धशतकाहून अधिक काळ 'मूळ' म्हटले जात होते ते, निदान पुष्कळ अंशी, उत्तरकालीन ठरले. दक्षिण आशियातील लोकसमूहांत दुहेरी रूपाचे प्रमाण विशेष अधिक आहे, त्यामुळे हा प्रश्न येथील अभ्यासकांना परका मानण्याचे कारण नाही. साधे रूप प्राचीन आणि जोडरूप अर्वाचीन, हा जो सहज समज असतो तो भाषेच्या इतिहासातही अनेकदा दगा देतो. जोडाचा एक अवयव गळून उरलेले एकटे पद नंतर मूळ म्हणून मिरवते.

व्याकरणशास्त्राकडे वळावयाचे ते येथे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत द्विर्वचनाचा विचार दोन ठिकाणी येतो : सहाव्या अध्यायाच्या आरंभी धातूच्या द्विर्वचनाचा आणि आठव्या अध्यायाच्या आरंभी संपूर्ण पदाच्या द्विर्वचनाचा. पहिल्या प्रकरणात जोडीतील पूर्वभागाला 'अभ्यास' ही संज्ञा आहे. दुसऱ्या प्रकरणात जोडीतील उत्तरभागाला 'आम्रेडित' म्हटले आहे. (आजच्या विद्यार्थ्याला 'अभ्यास' म्हणजे परीक्षेची तयारी एवढेच ठाऊक असते, मराठी व्याकरणातील 'अभ्यस्त शब्द' ही संज्ञा मात्र त्या जुन्या अर्थाची आठवण अजून जपून आहे.) ही नावे देताना वैयाकरणाने मूळ कोणते आणि प्रत कोणती हा प्रश्न विचारलेला नाही. त्याने विचारले ते हे की, जोडीतील कोणत्या अवयवावर पुढचे कार्य व्हावयाचे आहे. 'ददाति' मध्ये पूर्वभाग ह्रस्व होतो, 'चकार' आणि 'जगाम' मध्ये पूर्वभागाचे व्यंजन बदलते. म्हणून तेथे पूर्वभागाला नाव हवे. पदाच्या द्विर्वचनात स्वराचे कार्य उत्तरभागावर होते. म्हणून तेथे उत्तरभागाला. संज्ञा कार्यासाठी आहे, वंशावळीसाठी नाही.

त्याहून महत्त्वाची चर्चा महाभाष्यात आली आहे. द्विर्वचन म्हणजे नेमके काय? एकाच शब्दाचा दोनदा प्रयोग, की एकाच्या स्थानी दोघांचा आदेश? पहिल्या पक्षी एकच वस्तू दोनदा उच्चारली जाते आणि तिचे एकत्व अबाधित राहते. दुसऱ्या पक्षी आधीचे एक निवृत्त होते आणि त्याच्या जागी दोन नव्या वस्तू येतात. वैयाकरणांनी ह्या दोन पक्षांचे गुणदोष तपासले ते शब्दसिद्धीच्या अडचणींच्या संदर्भात. जीवशास्त्राशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, आणि प्राचीनांना हे सर्व आधीच ठाऊक होते असे सुचविण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. तसला अभिमान शास्त्राला आणि परंपरेला सारखाच घातक. मुद्दा एवढाच की, 'मूळ आणि नक्कल' ह्या द्वंद्वात न सापडता आवृत्तीचा विचार करता येतो, हे ह्या चर्चेवरून दिसते. हॅप्टोग्लोबिनचे उदाहरण 'एकाच्या स्थानी दोन' ह्या पक्षाच्या वर्णनात जितके स्वाभाविकपणे बसते तितके नकलेच्या वर्णनात बसत नाही.

आवृत्तीचे एकक कोणते, हा पुढचा प्रश्न. 'एक्झॉन-आवृत्ती' ह्या नावावरून असे वाटते की एक्झॉन हा घटक उचलून त्याची जोडी लावली जाते. वस्तुतः दुणावतो तो डीएनएचा तुकडा, आणि त्याच्या कडा बहुधा इंट्रॉनांत कोठेतरी असतात; एक्झॉन त्या तुकड्यात सापडतो म्हणून त्याचे नाव पडते. हॅप्टोग्लोबिनमध्ये दोन एक्झॉन एकत्र दुणावले. रक्तातील लायपोप्रोटीन (ए) ह्या कणाचे जे विशेष प्रथिन आहे, त्याच्या जनुकातही दोन एक्झॉनांचा गट पुनःपुन्हा येतो. त्या गटातील एक एक्झॉन १६० अक्षरांचा, दुसरा १८२ अक्षरांचा. संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जात असल्याने ह्यांपैकी कोणताही एकटा दुणावला असता तर पुढचे सारे वाचन बिघडले असते. दोघे मिळून ३४२, म्हणजे बरोबर ११४ त्रिके. सहाव्या अध्यायातील नियमही धातू दुणावत नाही, धातूतील पहिला एकस्वरी अवयव दुणावतो. आवृत्तीचे एकक आणि अर्थाचे एकक एकच असले पाहिजे असा निर्बंध भाषेतही नाही. म्हणून 'एक्झॉन-आवृत्ती' हे नाव सोयीसाठी ठेवावे, पण त्यावरून सिद्धान्त बांधू नये.

तीनच्या हिशेबाचा हा मुद्दा मराठी वाचकाला वृत्तांच्या उदाहरणाने चटकन पटेल. भुजंगप्रयातात चार य-गण असतात. ओळीत एक पूर्ण गण आणखी घातला तर ओळ लांबते, पण चाल तीच राहते. दोनच अक्षरे दुणावली तर त्या जागेपासून पुढचा प्रत्येक गण मोडतो. जनुकात हाच न्याय आहे. मात्र ओळीची लांबी तेथे ठरलेली नसल्यामुळे वाढ खपून जाते, मोड खपत नाही. इंट्रॉन तर गणाच्या मध्यावरही पडू शकतो : त्रिकाच्या आधी, पहिल्या अक्षरानंतर किंवा दुसऱ्यानंतर. ज्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे इंट्रॉन एकाच स्थितीत पडले असतील त्याचीच आवृत्ती वाचन न मोडता होऊ शकते. लास्लो पत्थी ह्या हंगेरियन संशोधकाने १९८७ च्या सुमारास ह्या निर्बंधाचे महत्त्व दाखवून दिले. भाषेच्या उपमा घेऊन जीवशास्त्रात जे लिहिले गेले त्यात ह्या प्रतिपादनाला मिळावे तेवढे स्थान मिळालेले नाही. रूपकाचा अर्थालंकार सर्वांनी उचलला, त्यामागचे व्याकरण थोड्यांनीच पाहिले.

कोलॅजेनच्या जनुकांत तर ही छंदोबद्धता डोळ्यांत भरते. तिपेडी दोरीसारख्या भागातील कित्येक एक्झॉन ५४ अक्षरांचे किंवा त्याच्या पटीतले आहेत. ५४ अक्षरे म्हणजे १८ ॲमिनो आम्ले, म्हणजे ग्लायसीनने सुरू होणारी सहा त्रिके. १९८० साली कोंबडीच्या कोलॅजेन जनुकावरून असा तर्क करण्यात आला की, ५४ अक्षरांच्या एका आदिघटकाच्या आवृत्त्यांतूनच हा भाग उभा राहिला असावा.

ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाला डिस्ट्रॉफिन. ७९ एक्झॉनांचे हे अवाढव्य जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्यातील बिघाडाने मुलांच्या स्नायूंचा ऱ्हास करणारा दुशेन रोग होतो. रुग्णांपैकी सुमारे दशांशांत बिघाडाचे कारण एक किंवा अनेक एक्झॉनांची आवृत्ती हे असते. एकाच एक्झॉनची आवृत्ती ज्यांत आढळते त्यांत दुसरा एक्झॉन विशेष वारंवार सापडतो. त्याची लांबी ६२ अक्षरे. बासष्टला तीनने भाग जात नाही. त्यामुळे वाचनाची चौकट सरकते आणि थोड्याच अंतरावर संदेश तुटतो. चौकट सांभाळणारे बिघाड सामान्यतः सौम्य बेकर रोगाकडे नेतात आणि चौकट मोडणारे तीव्र दुशेन रोगाकडे, हा नियम १९८८ साली मांडला गेला. त्याला अपवाद आहेत, पण रुग्णाच्या कुटुंबाला पुढचे काय ते सांगताना वैद्य आजही त्याचाच आधार घेतात. आता विलक्षण गोष्ट अशी की, डिस्ट्रॉफिन प्रथिनाचा मधला दांडा स्वतःच एकासारख्या एक अशा २४ खंडांचा बनलेला आहे. म्हणजे जे प्रथिन प्राचीन आवृत्तीने घडविले तेच नव्या आवृत्तीने मोडते. 'आवृत्ती ही लेखनिकाची चूक' असे म्हणणाऱ्याने ह्या उदाहरणाचे काय करावे? प्रक्रिया दोन्हीकडे एकाच जातीची आहे; फरक पडतो तो जागेमुळे आणि गणितामुळे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर द्विर्वचन साधू किंवा असाधू नसते, त्यातून सिद्ध होणारे रूप तसे असते.

येथवर व्याकरणाचे प्रतिमान नकलेच्या रूपकापेक्षा सरस ठरले आहे. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हव्यात, नाहीतर एका रूपकाच्या जागी दुसरे रूपक बसविल्याचे श्रेय तेवढे पदरी पडेल.

पहिली मर्यादा अर्थाची. भाषेतील द्विरुक्तीत रूप आणि अर्थ यांचे एक नैसर्गिक नाते बहुधा दिसते : शब्द दुणावला की अर्थही वाढतो, पसरतो किंवा टिकतो. 'मोठेमोठे वाडे', 'घरोघर', 'बोलताबोलता' ह्यांत बहुत्व, व्याप्ती, सातत्य आहे. जनुकात असे नाते गृहीत धरता येत नाही. वर उल्लेखिलेल्या लायपोप्रोटीनच्या जनुकात तो दोन एक्झॉनांचा गट कोणात मोजक्याच वेळा, तर कोणात ४० हून अधिक वेळा येतो. १९८७ साली प्रथम वाचलेल्या संदेशात त्या जातीचे ३७ खंड होते. खंड जितके अधिक तितके रक्तातील त्या कणाचे प्रमाण सामान्यतः कमी, कारण मोठे रेणू यकृतातून कमी प्रमाणात बाहेर पडतात. ज्याच्या जनुकात आवृत्त्या थोड्या त्याच्या रक्तात कण पुष्कळ, आणि हृदयविकाराचा धोकाही त्यालाच अधिक. आवृत्तीचा 'अर्थ' येथे वाढीचा नसून घटीचा आहे. खरे म्हणजे अर्थ नाहीच, परिणाम आहे. हॅप्टोग्लोबिनमध्ये परिणाम तिसऱ्याच जातीचा : दुणावलेल्या भागात दुसऱ्या रेणूशी जोडणारा एक सांधा होता. एकेरी शृंखलेला एक सांधा असल्याने रेणू दोन-दोनच जोडले जात. दुहेरीला दोन सांधे मिळाल्याबरोबर लांब साखळ्या आणि वर्तुळे बनू लागली. ह्याला तुल्य असे उदाहरण कोणत्याही भाषेच्या द्विरुक्तीत सापडणे कठीण आहे.

दुसरी मर्यादा विकल्पाची, आणि ती अधिक खोल आहे. पायरुवेट कायनेज ह्या एन्झाइमच्या एका मानवी जनुकात नववा आणि दहावा हे दोन एक्झॉन लागोपाठ आहेत. दोघांची लांबी १६७ अक्षरे, दोघे एकाच आवृत्तीचे अवयव. प्रत्येकापासून ५६ ॲमिनो आम्लांचा भाग बनतो, आणि त्यांपैकी २२ जागी दोघांत भेद आहे. 'शेजारीपाजारी' किंवा 'उरलासुरला' यांसारखी ही अंशाभ्यस्त जोडी म्हणावी तर अडचण अशी की, ती जोडीने कधीच उच्चारली जात नाही. स्नायूंत नववा राखला जातो आणि दहावा छाटला जातो. गर्भातील पेशींत आणि बहुतेक कर्कपेशींत दहावा राखला जातो आणि नववा छाटला जातो. १६७ ला तीनने भाग जात नाही, म्हणून दोघे एकत्र आले किंवा दोघेही गळले तरी वाचन मोडणार. नेमका एकच हवा. अशा जोड्यांतून वैकल्पिक जोडणीचा उगम कसा झाला असावा ह्याचे विवेचन फ्योडोर कोंड्राशोव्ह आणि युजीन कुनिन यांनी २००१ साली केले आहे. ओहनो यांनी जादा प्रतीला देऊ केलेली मोकळीक एक्झॉनला मिळते ती अशी, छाटणीच्या आश्रयाने. जुने रूप न मोडता नवे अजमावून पाहता येते, हे छाटणीचे सामर्थ्य गिल्बर्ट यांच्या १९७८ च्या टिपणात आधीच सूचित झाले होते.

भाषेत शब्दांचे दोन प्रकारचे संबंध मानले जातात : वाक्यात शेजारी शेजारी येणाऱ्या पदांचा आणि एकमेकांच्या जागी येऊ शकणाऱ्या पदांचा. सोस्यूरपासून हा भेद प्रस्थापित आहे. 'रामास' आणि 'रामाला' यांतील 'स' आणि 'ला' दुसऱ्या प्रकारात मोडतात. ते शेजारी बसत नाहीत, बोलणाऱ्याच्या मनातील साठ्यात असतात. जनुकाचा विशेष असा की, त्याच्याजवळ असा वेगळा साठा नाही. पर्यायही त्याला ओळीतच, एकापुढे एक मांडून ठेवावे लागतात, आणि मग संदेश तयार करताना एक निवडून दुसरा वगळावा लागतो. निवडीच्या अक्षावरील समतुल्यता संयोगाच्या अक्षावर आणली जाणे हे काव्याचे लक्षण, असे रोमान याकोबसन यांनी १९६० साली मांडले होते. नववा आणि दहावा एक्झॉन पाहिले की ते लक्षण आठवल्यावाचून राहत नाही. पण काव्यात समतुल्य पदे श्रोत्याला दोन्ही ऐकू येतात, त्यातच त्याचे सौंदर्य. येथे एक नेहमी मौन राहते. कोशातील पर्यायी शब्दांची नोंद जशीच्या तशी वाक्यात घालून मग एक खोडावा, असा हा व्यवहार आहे. मानवी भाषेत त्याला तोड नाही आणि ती शोधण्याचा अट्टहासही करू नये.

याकोबसन यांनी आनुवंशिक संकेत आणि भाषा यांच्या रचनासाम्याला फार मोठे महत्त्व दिले. फ्रान्स्वा झाकोब यांनी १९७४ साली 'क्रितीक' ह्या फ्रेंच नियतकालिकात जीवशास्त्रातील भाषिक प्रतिमानाची जी चर्चा केली ती अधिक सावध आहे. लिली के यांच्या २००० सालच्या ग्रंथाने 'जीवनाचा ग्रंथ' ह्या रूपकाची ऐतिहासिक जडणघडण उलगडून दाखविली. ह्या सर्व वादात लक्ष राहिले ते संकेत, माहिती आणि लेखन ह्या मोठ्या शब्दांवर. द्विरुक्तीसारख्या एका मर्यादित प्रक्रियेचे नियम घेऊन, ते कोठे जुळतात आणि कोठे तुटतात हे पाहण्याचे काम तुलनेने थोडे झाले. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे काम दुरून पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी लागणारी निम्मी सामग्री त्याच्या अभ्यासक्रमातच आहे.

मराठी परिभाषेपुरते बोलावयाचे तर लागोपाठच्या जोडीसाठी 'नक्कल' आणि 'प्रत' हे शब्द टाळावेत. 'आवृत्ती' हा चालेल, जरी प्रकाशनव्यवहारामुळे त्याला सुधारून काढलेल्या पुस्तकाचा वास लागला आहे. 'द्विगुणन' हा संख्येपुरता शब्द आहे आणि संपूर्ण जनुकाच्या बाबतीत तो ठीक. दोन्ही अवयव संदेशात येतात अशा जोडीला 'अभ्यस्त एक्झॉन' म्हणावे. जेथे एकच येतो तेथे 'वैकल्पिक जोडी' म्हणावे. ही दोन नावे वेगळी ठेवणे अगत्याचे, कारण हॅप्टोग्लोबिन आणि पायरुवेट कायनेज यांना एकाच नावाखाली घातल्याने जो घोटाळा होतो तो केवळ शब्दांचा नाही.

जोडीच्याही पुढे गेलेली उदाहरणे आहेत. नेब्युलिन ह्या स्नायुप्रथिनाच्या १८३ एक्झॉनांच्या जनुकात ८२ ते १०५ ह्या क्रमांकांचे एक्झॉन म्हणजे आठ एक्झॉनांचा एकच गट तीन वेळा आलेला आहे. तिन्ही गट इतके सारखे की, लहान लहान तुकडे वाचून जनुकाचा पाठ जुळविण्याच्या पद्धतीला एखादा बदल आढळला तरी तो तिघांपैकी कोणत्या गटात आहे हे ठरविता येत नाही. दोन्ही गुणसूत्रांवरचे मिळून सहा गट असतात. त्यांत एकाची कमीअधिक सहसा बाधत नाही, दोन किंवा अधिकांची वाढघट रोगाशी निगडित आढळते. पाठचिकित्सकाला ही अडचण परिचित आहे : पोथीत एकच पालुपद तीनदा आले आणि समासात एक दुरुस्ती लिहिलेली सापडली, तर ती कोणत्या ठिकाणची हे ओळीच्या मजकुरावरून कळत नाही, भोवतालची पाने सलग हाती असावी लागतात. लांब तुकडे एका दमात वाचणाऱ्या नव्या पद्धती आता तीच पाने पुरवू लागल्या आहेत.